ऐकावे कसे, ऐकवावे कसे

नवविधा भक्तीत श्रवण पहिले. हा क्रम आपणां सर्वांच्या पाठ आहे. पण पहिलेच पाऊल नीट पडते की नाही, हे आपण फारसे तपासून पाहत नाही. या पाठात तेवढेच पाहू. निमित्त एका माळकऱ्याच्या प्रश्नाचे आहे.

हे गृहस्थ राहतात भोसरीला, कामाला चाकणच्या औद्योगिक वसाहतीत. जाण्यायेण्याला कारखान्याची बस. पूर्वी या बसमध्ये पाचसहा जणांजवळ टाळ असत, मोशी ओलांडेपर्यंत दोन अभंग होत. पुढे कॅसेटी आल्या, त्या हातोहात फिरत. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल अन् कानात बोंडे. आमचे माळकरी रोज सकाळी सोबत्यांना पाचसहा अभंग मोबाईलवर पाठवीत. एकदा त्यांनी सहज विचारले, "कालच्यातला कोणता आवडला?" कोणी बोलेना. एकानेही काही ऐकले नव्हते. ते आम्हाला म्हणाले, "माउली, प्रसाद वाटला आणि लोकांनी तो न खाताच खिशात घातला. वाटणे बंद करू का?"

आम्ही म्हटले, बंद करू नका, रीत बदला. ती रीत अशी.

पहिली गोष्ट, एकच द्या. 1902 साली कलकत्त्याला गौहरजान यांचे गाणे तबकडीवर ध्वनिमुद्रित झाले. त्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास गाणे मावे. घरात तबकड्या चार, म्हणून एकेक पन्नास वेळा ऐकली जाई, आणि पन्नासाव्या वेळी पहिल्यांदा न ऐकू आलेली जागा सापडे. आज साठा अपार आहे, कान मात्र दोनच. पाच अभंग एकदम दिले की घेणारा म्हणतो, सवडीने ऐकू. ती सवड काही येत नाही. पंगतीत सगळी भांडी एकदम पानावर उपडी करून कोणी वाढीत नाही!

दुसरी गोष्ट, सांगून द्या. "ऐकाच, फार छान आहे," एवढ्याने काम होत नाही. कशासाठी ऐकावे ते दोन वाक्यांत सांगा. किशोरी आमोणकरांनी सोयराबाईंचा 'अवघा रंग एक झाला' गायिला आहे. तो देताना एवढेच सांगा, की सोयराबाई म्हणजे चोखोबांची पत्नी, जिच्या घराला देवळाची पायरी ओलांडण्याची बंदी होती. हे ठाऊक असलेला माणूस ते शब्द निराळ्याच कानाने ऐकतो. पंडित भीमसेन जोशींचा 'तीर्थ विठ्ठल' देताना सांगा, की शब्द नामदेवरायांचे आणि चाल राम फाटकांची. मग तोच अभंग गावच्या भजनी मंडळाच्या चालीतही ऐकायला सांगा. दोन्हींत विठ्ठल एकच आहे, वाट तेवढी वेगळी. हे कळणे म्हणजेच अभ्यास.

तिसरी गोष्ट, पडताळून द्या. 1936 साली प्रभातचा 'संत तुकाराम' हा बोलपट आला. विष्णुपंत पागनीस त्यात तुकोबा झाले होते. त्यातले 'आधी बीज एकले' हे गीत इतके तुकोबांच्या वळणाचे, की भल्याभल्यांनी ते गाथ्यात शोधले. ते लिहिले होते शांताराम आठवल्यांनी. गीत गोडच आहे, जरूर ऐका. पण 'तुका म्हणे' सांगण्याआधी गाथा उघडून पाहावी. देहू-आळंदीच्या शेजारी राहणाऱ्याने तर आळस करूच नये.

चौथी गोष्ट, दुसऱ्याचेही घ्या. पिंपरी-चिंचवडात आणि चाकणला सारा महाराष्ट्र पोटासाठी आला आहे. विदर्भातला सोबती तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनात रमतो. कोणाला प्रल्हाद शिंद्यांचा मोकळा आवाज हवा, तर नवी पोरे गिटारावर अभंग म्हणतात. "हे काय ऐकता?" असे म्हणून नाक मुरडले, की देवघेव तिथेच संपली. आधी पुरते ऐका, मग बोला. आणि हो, तिसऱ्या पाळीहून परतणाऱ्याची झोप मोडून मोठ्याने अभंग लावणे यात भक्ती नाही, दांडगाई आहे.

आमच्या माळकऱ्यांनी ही रीत धरली. ठरले असे, की एकादशीला बसमध्ये एकानेच एक चीज आणायची, दोन वाक्ये सांगायची आणि बाकीच्यांनी कानातली बोंडे काढून ती ऐकायची. तिसऱ्या एकादशीला पाळी आली मराठवाड्यातल्या एका पोराची. हा कधी कोणाशी बोलत नसे. त्याने मोबाईल पुढे केला आणि म्हणाला, "गाणारी माझी आजी हाये. मागल्या साली वारली."

जात्यावरची ओवी होती. घरघर ऐकू येत होती, मध्येच आजी खोकली, मग पुन्हा विठूचे नाव. दीड मिनिटाचे काम. बस गप्प झाली. मग मागच्या बाकावरचे एक वयस्कर फिटर हळूच म्हणाले, "आमची आई हीच ओवी दुसऱ्या चालीवर म्हणायची," आणि त्यांनी ती म्हणून दाखविली. त्या दिवशी कित्येक वर्षांनी बसमध्ये माणसाचा आवाज निघाला.

वाचकहो, ही ओवी कुठल्या दुकानात मिळाली असती? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या गोळा केल्या, म्हणून त्या राहिल्या. बाकीच्या त्या त्या आजीबरोबर गेल्या.

म्हणून पाचवी आणि शेवटची गोष्ट, ऐकलेले गा. श्रवणापुढची पायरी कीर्तन आहे, साठवण नव्हे. तुकोबांची पालखी देहूबाहेरचा पहिला मुक्काम आकुर्डीला करते. तिथे टाळ वाजतो तो हातांनी. मोठ्या गवयाचा अभंग ऐकून आपला कंठ लाजून मिटला, तर ऐकण्यात काही चुकले असे समजावे.

या एकादशीला एवढे करावे. एकच अभंग निवडावा, एकाच सोबत्याला द्यावा, का दिला ते सांगावे आणि त्याच्याजवळचा मागून घ्यावा. घरात आजी असेल तर आधी तिच्याजवळ बसावे.

रामकृष्णहरि.