लंघन गिनी पिगला नको

पोरी, गिनी पिगनं खाण्यावरून तोंड फिरवलं की आधी घड्याळ बघायचं. शेवटचं कधी खाल्लं, लेंड्या कधी पडल्या, त्या बारीक आणि कोरड्या होत्या का, हे कागदावर लिही. माणसाला ताप आला की आपण म्हणतो, राहू दे, भूक लागली की खाईल. या जिवाला ते लंघन सोसत नाही. त्याचं आतडं चाऱ्यावरच हलत राहतं. चारा थांबला की आतडं मंदावतं, गॅस धरतो, पोट दुखतं. आणि दुखतं म्हणून ते आणखीच खात नाही. अर्धा दिवस तोंड लावलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर गाठ.

कोल्हापुरात गाई-म्हशी बघणारे डॉक्टर भरपूर, पण सगळेच गिनी पिग बघत नाहीत. ससे, गिनी पिग बघता का, हे जनावर धडधाकट असतानाच फोनवर विचारून नंबर लिहून ठेव. इथं सोय झाली नाही तर पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तिथं चौकशी कर.

घरातलं उरलेलं औषध द्यायचं नाही. पोरांच्या तापाचं अमॉक्सिसिलिन यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि त्यात जीवही जातो.

पोट टम्म फुगलं असेल तर भरवू नकोस, आधी डॉक्टर. त्यांनी भरवायला सांगितलं की गिनी पिगच्या खाद्याच्या गोळ्या कोमट पाण्यात भिजवून पातळ पेज कर. सुई काढलेली एक मिलीची सिरिंज घे. त्याला टॉवेलात गुंडाळून मांडीवर चार पायांवर बसव, उताणं कधीच धरायचं नाही. पुढच्या दातांच्या मागं गालाकडं मोकळी जागा असते, तिथून सिरिंज सरकव. अगदी थोडं सोड, पाव मिली पुरे. जबडा हलला, गिळलं, मग पुढचं. घाई केलीस तर पेज फुप्फुसात जाते. साधारण दोन-तीन तासांनी भरव, रात्रीसुद्धा. दिवसभरात दर किलो वजनामागे 50 ते 80 मिली पेज पोटात जायला हवी. नेमकं माप डॉक्टर सांगतील. दूध, भात, भाकरी देऊ नकोस.

खायला पुढं येतं, घास उचलतं आणि टाकून देतं, हनुवटी ओली राहते, तर दाढा वाढल्या असं समज. यांचे दात जन्मभर वाढतात. पुढचे दात बरे दिसले म्हणून निर्धास्त राहू नकोस. दाढा डॉक्टरांनाच तपासता येतात.

आपल्यासारखंच यांच्या शरीरातही क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते कमी पडलं की हिरड्या-सांधे दुखतात, खाणं सुटतं. निरोगी असताना दर किलोमागे रोज किमान 10 मिलिग्रॅम लागतं, आजारात जास्त. तेव्हा थेंब किती द्यायचे ते डॉक्टरांना विचार. एरवी कपिलतीर्थ मंडईतून ढोबळी मिरची आणत जा, रोज एक फोड दे.

मुख्य अन्न मात्र वाळलं गवतच. त्यानंच दात झिजतात, आतडं चालतं. आपल्याकडच्या पावसात गवत लगेच बुरसतं; कुबट वास आला की टाकून दे. उसाचं वाडं म्हशीला घालतात म्हणून याला घालू नकोस, त्यात ऑक्झलेट जास्त असतं, मुतखड्याची भीती.

दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन कर, आजारात रोज. खाणं कमी झाल्याचं डोळ्यांच्या आधी काटा सांगतो. 50 ग्रॅम घटलं की डॉक्टरांना फोन कर. त्यानं स्वतःहून गवत ओढून चावलं, लेंड्या पुन्हा भरीव पडायला लागल्या आणि वजन टिकलं, तरच सिरिंज कमी कर. तीही हळूहळू, रोज काटा बघत.