घरचे मत्स्यालय : मांडणी आणि साफसफाई

दिवाळीच्या आधी घरोघर साफसफाई निघते. त्या झपाट्यात बैठकीतील माशांची टाकीही सापडते. मासे बादलीत काढतात, रेती उकळत्या पाण्याने धुतात, काचा साबणाने घासतात, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पिळून कोरा करतात आणि नळाचे ताजे पाणी भरून मासे परत सोडतात. टाकी लखलखते. पण दोन-तीन दिवसांतच मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, कोपऱ्यात निपचित राहतात आणि एकेक करून मरतात. “सर, पाणी तर काचेसारखे स्वच्छ होते. मग मासे मेले कशाने?” असे दिवाळीच्या सुट्टीनंतर विचारणारा विद्यार्थी हमखास भेटतो.

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे : आपल्या डोळ्यांना दिसणारी स्वच्छता आणि माशाला मानवणारी स्वच्छता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते समजण्यासाठी टाकी मांडण्यापासूनच सुरुवात करू या.

टाकी आणि पाण्याचा भार

घरासाठी ६० सें.मी. लांब, ३० सें.मी. रुंद आणि ३० सें.मी. उंच अशी टाकी सोयीची पडते. पूर्वी लोखंडी चौकटीत लांबी भरून काचा बसवीत. आता सिलिकोनने काचा एकमेकींना चिकटवतात. या टाकीत २५ सें.मी. उंचीपर्यंत पाणी भरले, तर ते ४५ लिटर, म्हणजे ४५ किलोग्रॅम होते. काच आणि रेती धरून एकूण भार ६५ किलोग्रॅमच्या घरात जातो. म्हणून टाकी भक्कम आणि सपाट टेबलावर ठेवावी. काचेच्या तळाखाली थर्मोकोलचा तुकडा घालावा, म्हणजे एखाद्या उंचवट्यावर सगळा भार येऊन काच तडकत नाही. भरलेली टाकी कधीही उचलू नये.

आता समोरच्या काचेवर किती बल येते ते पाहू. पाण्याचा दाब पृष्ठभागाशी शून्य आणि तळाशी सर्वांत जास्त असतो. म्हणून सरासरी दाब निम्म्या खोलीवरचा धरायचा. त्याला पाण्यात असलेल्या काचेच्या क्षेत्रफळाने गुणले की सुमारे १८४ न्यूटन उत्तर येते. म्हणजे जवळजवळ १९ किलोग्रॅम वजनाइतका रेटा! पाण्याची उंची दुप्पट केली, तर सरासरी दाबही दुप्पट होतो आणि भिजलेले क्षेत्रफळही दुप्पट होते. म्हणून रेटा चौपट होतो. उंच टाकीला जाड काच का लागते, ते यावरून कळेल. उथळ आणि रुंद टाकीचा आणखी एक फायदा आहे. हवेतला ऑक्सिजन पाण्यात शिरतो तो पृष्ठभागातून. पृष्ठभाग जितका मोठा, तितका माशांना श्वास सोपा.

रेती, वनस्पती आणि पाणी

नागपूरकरांना कन्हान नदीची रेती परिचयाची आहे. ती चाळून दोन-तीन मिलिमीटर जाडीचे दाणे निवडावे आणि पाणी नितळ निघेपर्यंत धुवावे. रंगीत दगड किंवा शिंपले घालण्याचा मोह झाला, तर त्यांच्यावर आधी लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले तर त्यात चुना आहे, म्हणजे तो पदार्थ पाणी हळूहळू जड करील. तो वापरू नये.

वनस्पतींसाठी व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला उत्तम. हायड्रिला तर तुम्हांला प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगामुळे ठाऊक आहेच. तलावातून आणलेली वनस्पती पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात काही मिनिटे बुडवून, स्वच्छ धुऊन मगच लावावी.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन मिसळलेला असतो. तो आपल्याला उपकारक, पण माशांच्या कल्ल्यांना घातक आहे. उघड्या बादलीत पाणी एक दिवस ठेवले की क्लोरीन बहुतांशी उडून जातो. घाई असेल तर छायाचित्रकार ज्याला ‘हायपो’ म्हणतात, तो सोडियम थायोसल्फेट कामी येतो. बादलीभर पाण्याला गव्हाच्या दाण्याएवढे दोन-तीन खडे पुरतात.

न दिसणारे कामगार

१८५० साली लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका टाकीत त्यांनी दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ठेवली. मासे कार्बन डायऑक्साइड सोडत, वनस्पती प्रकाशात तो घेऊन ऑक्सिजन देई. पण कुजणारी पाने पाणी बिघडवू लागली. तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. त्यांनी ती पाने फस्त केली आणि टाकी सुरळीत चालू लागली.

तरीही हिशेबातला एक मोठा भाग उरला होता. मासे आपल्या कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजले की त्यातूनही अमोनिया निघतो. हा अमोनिया रंगहीन असतो. तो माशांना मारण्याइतका झाला, तरी पाणी काचेसारखेच दिसते! मग चांगल्या टाकीत त्याचे काय होते?

सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास झुरिक येथे दाखवून दिले, की काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनियाप्रमाणे नायट्राइटही विषारी आहे. नायट्रेट मात्र त्या मानाने बरेच सौम्य आहे आणि वनस्पतींचे ते खाद्यच आहे. पुढे सव्वाशे वर्षे समज असा होता, की ही दोन कामे नेहमी दोन वेगळे जीवाणूच करतात. २०१५ साली मात्र दोन्ही कामे एकटा करणारा जीवाणू सापडला. विशेष म्हणजे त्या वर्षीच्या दोन शोधांपैकी एक लागला तो मासे वाढविण्याच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमध्ये.

हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. रेतीच्या दाण्यांवर, काचेवर, वनस्पतींच्या पानांवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजात ते बुळबुळीत थर धरून राहतात. त्यांची वाढ सावकाश होते. नव्या टाकीत पुरेशी वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत एकदम वीस मासे सोडू नयेत. दोन-तीन काटक गप्पी किंवा झेब्रा मासे सोडावे आणि दोन मिनिटांत संपेल इतकेच खाद्य द्यावे. महिना-दीड महिन्यानंतर हळूहळू संख्या वाढवावी.

आता दिवाळीच्या टाकीकडे पुन्हा पाहा. उकळते पाणी, साबण आणि नळाचे क्लोरीनयुक्त पाणी यांनी घाण गेली, पण तिच्याबरोबर कामगारांची सगळी वस्तीही गेली. मासे मात्र तेवढेच राहिले आणि पूर्वीइतकाच अमोनिया सोडीत राहिले. जुनी टाकी एका दिवसात नवी झाली आणि नव्या टाकीतला धोका पूर्ण वाढलेल्या माशांच्या वाट्याला आला.

दिवाळीत आणखी एक धोका असतो. हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. खोलीत तैलरंग लावणे किंवा डास-झुरळांचे औषध फवारणे चालू असेल, तर ती वाफही पाण्यात जाते. कीटकनाशके माशांना अतिशय घातक असतात. अशा वेळी टाकी झाकून, पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीने हवा द्यावी.

नागपूरची हवा आणि टाकीतले पाणी

उष्ण प्रदेशातील बहुतेक शोभिवंत माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तापमान मानवते. आम्ही नागपूरच्या सदर भागात राहणारी मंडळी. आमच्या शहरात मे २०१३ मध्ये ४७.९ अंश आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश तापमान नोंदले गेले आहे. म्हणजे येथे टाकीला दोन्ही बाजूंनी जपावे लागते.

उन्हाळ्याची अडचण दुहेरी आहे. पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. हवेशी समतोल साधलेल्या एक लिटर पाण्यात १५ अंशांना सुमारे १० मिलिग्रॅम, २५ अंशांना ८.३ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना जेमतेम ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. उलट, तापमान वाढले की माशाच्या शरीरातील क्रिया जलद होतात आणि त्याची ऑक्सिजनची गरज वाढते. आवक घटते आणि खर्च वाढतो! त्यातच रात्री वनस्पतीही ऑक्सिजन देण्याऐवजी घेतात. म्हणून मे महिन्यात मासे धापा टाकताना दिसतात ते बहुधा पहाटे. हवेचा पंप रात्री बंद करू नये, तो यासाठीच. येथे एक गैरसमज दूर करू. बुडबुड्यांतून थेट विरघळणारा ऑक्सिजन थोडाच असतो; बुडबुडे वर येताना पाणी ढवळतात आणि तळाचे पाणी पृष्ठभागाशी आणतात, हे त्यांचे मोठे काम.

पाणी थंड कसे करावे? बरेच जण बर्फ टाकतात. हिशेब करू. आपल्या ४५ लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने उतरवायला सुमारे १८८ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. अर्धा किलो बर्फ वितळताना सुमारे १६७ किलोज्यूल घेतो. म्हणजे पाणी एक अंशानेही उतरत नाही. वितळलेले पाणी पुढे टाकीइतके तापते ते धरले, तरी उतार एक अंशाच्या थोडा वर जातो, एवढेच. पण अर्धा लिटर पाण्याची वाफ झाली, तर ती सुमारे १,२०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. म्हणजे सहा अंशांहून अधिक! बाहेरची तापलेली हवा त्यातील काही उष्णता परत देते, पण फायदा उरतोच. म्हणून टाकीचे झाकण काढून वर जाळी बसवावी आणि लहान पंख्याचा वारा पृष्ठभागावरून जाऊ द्यावा. आपल्या कूलरचेच हे तत्त्व आहे. जुलैच्या दमट हवेत कूलर जसा निकामी ठरतो, तसाच हा उपायही तेव्हा लागू पडत नाही.

हिवाळ्यात हीटर लावावा. १०० वॅटचा हीटर ४५ लिटर पाणी १५ अंशांवरून २५ अंशांवर न्यायला पाच तासांहून अधिक वेळ घेतो. ही संथ वाढच माशांना हितकर आहे. विजेच्या बाबतीत मात्र काटेकोर असावे. टाकीत हात घालण्यापूर्वी हीटर आणि पंप यांच्या पिना काढाव्यात. वायरीला सॉकेटच्या खाली झोळ द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता झोळातून ठिबकेल. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावा. नाहीतर वीज गेली की हवेची नळीच वक्रनलिका बनते आणि टाकीचे पाणी पंपात, मग जमिनीवर येते.

योग्य साफसफाई

साफसफाई थोडी, पण नियमित करावी. दर पंधरा दिवसांनी पुढील क्रम पाळा :

१. विजेच्या पिना काढा. हीटरची काच गरम असताना पाण्याबाहेर उघडी पडली तर तडकते. म्हणून दहा-पंधरा मिनिटे थांबा.

२. आतल्या काचेवरचे शेवाळ कोऱ्या स्पंजाने पुसा. साबण, सोडा किंवा भांडी घासण्याची पावडर यांचा कणही नको.

३. रबरी नळी पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही टोके अंगठ्यांनी दाबा, एक टोक टाकीत आणि दुसरे खाली ठेवलेल्या बादलीत सोडा. तोंडाने ओढू नका. टाकीतले टोक रेतीवरून फिरवून साचलेला गाळ ओढून घ्या आणि एक चतुर्थांश पाणी काढा.

४. फिल्टरचा स्पंज त्याच बादलीतल्या काढलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा. तो तपकिरी राहिला तरी चालेल. तो रंग म्हणजे आपले कामगार आहेत.

५. आदल्या दिवशी भरून ठेवलेले, टाकीइतक्याच तापमानाचे पाणी हळू ओता.

बादलीतील पाणी तुळशीला किंवा मोगऱ्याला घाला. त्यातील नायट्रेट हे झाडांचे खतच आहे.

“उन्हाळ्यात आम्ही रोज पाणी घालतोच, मग बदलायचे कशाला?” अशी शंका येईल. वाफ होते ती फक्त पाण्याची; क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. वरून घातलेले नळाचे पाणी उलट आणखी क्षार आणते. पाणी काढल्याशिवाय ते कमी होत नाहीत. दर पंधरवड्यात टाकीत नायट्रेटचा एक वाटा जमतो असे समजा आणि दर वेळी एक चतुर्थांश पाणी बदला. नायट्रेट वाढत वाढत चार वाट्यांपाशी स्थिर होईल. कारण तेव्हा चाराचा चौथा भाग, म्हणजे एक वाटा, जाईल आणि तेवढाच नवा येईल. मुळीच पाणी बदलले नाही, तर वनस्पती घेतील तेवढे सोडून नायट्रेट वाढतच राहील.

शेवटी एक सूचना. हौस फिटली म्हणून मासे फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडून देऊ नका. शेवाळ खातो म्हणून टाकीत ठेवला जाणारा सकर मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. अशाच सोडून दिलेल्या माशांमुळे तो आज भारतातील अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला आहे. नको झालेले मासे दुसऱ्या हौशी मित्राला किंवा दुकानदाराला द्यावे.

करून पाहा

१. आपल्या टाकीचे तापमान आठवडाभर सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता नोंदवा. खोलीच्या हवेचेही तापमान शेजारी लिहा. दोहोंपैकी कोणात चढउतार कमी आहे? का?

२. काचेवर पाण्याच्या पातळीशी खूण करून चोवीस तासांत पातळी किती उतरली ते मोजा. किती लिटर पाण्याची वाफ झाली आणि तिने किती उष्णता नेली, ते काढा. झाकण ठेवून आणि न ठेवता तुलना करा.

३. दर पंधरा दिवसांनी एक चतुर्थांशाऐवजी एक दशांश पाणी बदलले, तर नायट्रेट किती वाट्यांपाशी स्थिर होईल? आधी अंदाज करा, मग आकडे मांडून पडताळा पाहा.