खंडित अभ्यास

सन १९१७ मध्ये लंडन शहरी शिकत असलेल्या एका भारतीय विद्यार्थ्याला आपला अभ्यास अर्ध्यावर टाकून मायदेशी परतावे लागले. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेस गेले होते. न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. ही पदवी त्यांनी १९१५ मध्ये संपादन केली, आणि पुढील वर्षी लंडनला येऊन ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ या संस्थेत अर्थशास्त्राच्या व ‘ग्रेज इन’ येथे कायद्याच्या अभ्यासास प्रारंभ केला. इतक्यात शिष्यवृत्तीची मुदत संपली. परत येऊन बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू व्हावे, असा निरोप आला. करारच तसा होता. जाणे भागच होते.

निघण्यापूर्वी त्यांनी एक गोष्ट मात्र साधून घेतली. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या शिफारशीमुळे लंडन विद्यापीठाने त्यांस अशी सवलत दिली की, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आल्यास, जेथे सोडला तेथून अभ्यास पुढे चालू करता येईल. चार वर्षांची ही मुदत हाच काय तो आधार घेऊन भीमराव परतले. आपली पुस्तके त्यांनी दुसऱ्या एका बोटीने पाठविली होती. ते पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. ती बोट शत्रूच्या पाणतीराने बुडाली आणि पोटाला चिमटा घेऊन जमविलेली ती ग्रंथसंपत्ती समुद्राच्या तळाशी गेली. त्याबद्दल जी नुकसानभरपाई मिळाली, ती बडोद्यास जाण्याच्या खर्चाकडे लागली.

बडोद्यास काय घडले, ते सर्वांस ठाऊक आहे. परदेशातून उच्च विद्या घेऊन आलेल्या या अधिकाऱ्याला गावात राहावयास जागा मिळेना. कचेरीतील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून फेकीत, कारण ते अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्मले होते. थोड्याच दिवसांत ती नोकरी सोडून ते मुंबईस आले. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात त्यांस अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा मिळाली. वेतन दरमहा ४५० रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. येथेही प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या भांड्यातील पाणी त्यांनी पिऊ नये, अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली. परंतु त्यांची व्याख्याने ऐकण्यास विद्यार्थी मात्र उत्सुक असत.

चांगली नोकरी मिळाली, बिऱ्हाड परळच्या चाळीत थाटले होते, पत्नी रमाबाई व मुलगा यशवंत जवळ होते. दुसरा एखादा म्हणाला असता, ‘आता शिक्षण पुरे झाले.’ भीमरावांचे लक्ष मात्र त्या चार वर्षांच्या मुदतीवर होते. दरमहाच्या वेतनातून घरखर्चापुरते देऊन उरलेले पैसे ते बाजूस टाकीत. रमाबाईंनी त्या तुटपुंज्या रकमेत घर चालविले. या शिक्षणाच्या खर्चातील त्यांचा वाटा कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिलेला नाही. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी साहाय्य केले. नवल भथेना या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. मार्च १९२० मध्ये प्राध्यापकाची जागा सोडून जुलै महिन्यात ते लंडनकडे निघाले. तेव्हा त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते, आणि मुदतीतील तीन वर्षे जवळजवळ संपत आली होती.

पहिल्या खेपेचा विद्यार्थी आणि हा विद्यार्थी यांत एक मोठे अंतर होते. पूर्वी शिष्यवृत्तीचे पैसे येत. आता खर्च होणारी प्रत्येक पै ही स्वतःची बचत किंवा डोक्यावरचे कर्ज होते. लंडनमधील प्रत्येक दिवस मुंबईतील बिऱ्हाडाला महाग पडत होता. म्हणून त्यांनी आपला दिवस विलक्षण काटेकोरपणे आखला. सकाळी पावाचा तुकडा व चहा घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाची वाट धरीत. त्या भव्य घुमटाखालील वाचनगृहाचे दार उघडते न उघडते तोच ते आत शिरत, आणि ते बंद होण्याची वेळ येईपर्यंत टिपणे काढीत बसत. दुपारचे जेवण बहुधा टळे. ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजून रात्रीची भूक भागवावी आणि पुन्हा वाचनास बसावे, असा क्रम असे. खोलीतील सोबत्याला मध्यरात्री जाग आली, तरी भीमराव वाचीतच असत. ‘आता निजा’, असे त्याने म्हटले, तर आपणांपाशी पैसाही नाही आणि वेळही नाही, असे उत्तर त्यास मिळे.

बॅरिस्टर होण्याची रीत तर मोठी मौजेची होती. परीक्षा उत्तीर्ण होणे एवढेच पुरेसे नसे. ग्रेज इनच्या भोजनगृहात ठरावीक संख्येने रात्रीची भोजने घेतल्याची नोंद झाल्यावाचून सनद मिळत नसे. जो विद्यार्थी एरवी पापडांवर भूक मारीत होता, त्याला ही भोजने मात्र नियमाने घ्यावी लागली!

या मुक्कामात ते राहिले त्यांपैकी किंग हेन्रीज रोडवरील एक घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले. तेथे आज त्यांचे स्मारक आहे.

श्रमाचे फळ लवकर दिसू लागले. १९२१ मध्ये त्यांस एम. एस्सी. ही पदवी मिळाली. १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात डी. एस्सी. या सर्वोच्च पदवीसाठी त्यांनी प्रबंध सादर केला. त्याचा विषय होता रुपयाचा प्रश्न.

हा प्रश्न कोणता? रुपया हे चांदीचे नाणे आणि इंग्लंडचा पौंड सोन्याचा. १८७३ च्या सुमारास जगात चांदी स्वस्त होऊ लागली, तशी रुपयाची किंमतही उतरत गेली. पूर्वी एका रुपयास सुमारे दोन शिलिंग मिळत. १८९३ च्या सुमारास सव्वा शिलिंगही कसाबसा मिळू लागला. हिंदुस्थान सरकारला इंग्लंडमध्ये दरवर्षी जी मोठी देणी सोन्याच्या नाण्यात द्यावी लागत, त्यांसाठी आता अधिक रुपये लागू लागले, आणि ते रुपये करांतून येणार हे उघड होते. १८९३ मध्ये लोकांसाठी चांदीचे रुपये पाडून देण्याचे काम टांकसाळींनी बंद केले. मात्र सरकारच्या हाती रुपये पाडण्याची सत्ता राहिली. भीमरावांचा आक्षेप नेमका येथे होता. वाटेल तेव्हा वाटेल तितके रुपये काढण्याची मोकळीक सरकारला असेल, तर रुपयाची किंमत स्थिर राहणार नाही. आणि रुपयाची किंमत उतरली की धान्य, कापड, तेल महागते, मजुराची मजुरी मात्र तितक्या वेगाने वाढत नाही. घरखर्चाचा एक एक आणा मोजणाऱ्या घरातून आलेल्या माणसाने हा विषय निवडावा, हे सहजच होते.

प्रबंध देऊन ते पुढील अभ्यासाच्या इच्छेने जर्मनीतील बॉन येथे गेले. परंतु परीक्षकांनी प्रबंध फिरून लिहून काढण्यास सांगितले. इकडे जवळचे पैसे संपत आले होते. तेव्हा एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईस आले आणि हातातील प्रबंधाचे पुनर्लेखन त्यांनी घरीच पुरे केले. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. या वेळी प्रबंध मान्य झाला, आणि वर्ष संपण्यापूर्वी डी. एस्सी. ही पदवी त्यांस मिळाली.

त्याच वर्षाच्या अखेरीस तो प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्यास प्रस्तावना होती प्राध्यापक कॅनन यांची. ग्रंथातील काही मते आपणांस मान्य नाहीत, हे त्यांनी तीत स्पष्टपणे लिहिले आणि लेखकाच्या विचारांतील ताजेपणाची प्रशंसाही केली.