पेट्रोलची वाफ आणि बोटीतला विजेचा पंप

‘हवेला वजन असते’ हा पाठ झाला की मुलांना विचारून बघा: बोटीत पेट्रोल गळलं, तर त्याची वाफ कुठे जाईल?

मुलं ‘वर’ म्हणतील. ती खाली जाते! पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. मोटारीखालून वारा तिला नेतो. बोटीचा तळ मात्र बंद भांडंच. हवेत वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की एक ठिणगी पुरते.

आता पंप. विजेचा पंप इंजिन बंद पडलं तरी वीज मिळेपर्यंत पेट्रोल ढकलतच राहतो, नळी फुटलेली असली तरी. म्हणून अमेरिकेच्या तटरक्षक दलाचा नियम आहे: पेट्रोल इंजिन आत बसवलेल्या बोटीत हा पंप इंजिन सुरू करताना किंवा चालू असतानाच चालावा. त्यासाठी ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच लावतात. दाब उतरला, की पंप बंद. मोटारीचा स्वस्त पंप बोटीत बसवणं मात्र जिवावरचं काम, कारण त्याची ठिणगी बाहेर येणार नाही याची खात्री नसते.

वर्गात पेट्रोल अजिबात नको. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून तयार झालेला जड वायू पेटत्या मेणबत्तीवर ओता; ज्योत विझते.