काळा घोडा फेस्टिव्हल : एका दिवसाची कृती

मुंबईचा काळा घोडा आर्ट्स फेस्टिव्हल नऊ दिवस चालतो, जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. चित्रं, मांडणशिल्पं, नाच, गाणं, नाटक, सिनेमा, पुस्तकांवरच्या गप्पा असं सगळं असतं आणि बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसतं. पहिल्यांदाच जात असाल तर मी सांगतो त्या क्रमानं चला. क्रम मोडला की अर्धा दिवस गर्दीत जातो.

सोबत घ्या : मळकी झाली तरी चालेल अशी चपटी पादत्राणं, पाण्याची बाटली, टोपी, थोडी सुटी रोकड, एक कापडी पिशवी आणि बसायला जुनी चादर. मोठी सॅक नको, प्रवेशद्वारावर तपासणीत तुमच्यासकट मागची रांगही अडते.

१. आदल्या रात्री वेळापत्रक उघडा आणि पेन्सिल घेऊन बसा. एकाच वेळी पाच-सहा ठिकाणी कार्यक्रम असतात, तेव्हा 'तिथं गेल्यावर बघू' हे मनातून काढून टाका.

२. एकच कार्यक्रम ठळक गोल करून ठेवा, जो चुकला तर तुम्हाला खरोखर वाईट वाटेल. संध्याकाळचा असेल तर उत्तम. माझं मत विचाराल तर नाच किंवा गाणं निवडा. उघड्या मैदानावर, हजारभर अनोळखी माणसांबरोबर बसून ऐकलेलं गाणं घरच्या स्पीकरवर मिळत नाही.

३. त्याच्या आधी बसतील असे आणखी दोनच कार्यक्रम निवडा. दोन कार्यक्रमांत निदान पाऊण तासाचं अंतर ठेवा. नकाशावर पाच मिनिटांचं दिसणारं अंतर गर्दीत वीस मिनिटांचं होतं.

४. प्रत्येक कार्यक्रमापुढे जागेचं नाव लिहा. मोठे नाच-गाण्याचे कार्यक्रम गेली काही वर्षं क्रॉस मैदानावर होतात, पुस्तकांचे डेव्हिड ससून लायब्ररीच्या बागेत, आणि स्टॉल व मांडणशिल्पं रॅम्पार्ट रोवर. क्रॉस मैदान म्हणजे ओव्हल नव्हे! दोन्ही शेजारीशेजारी आहेत आणि माणसं हमखास चुकतात.

५. नावनोंदणी लागते का ते आत्ताच पाहा. वारसा फेऱ्या आणि कार्यशाळांना ती लागते आणि जागा भराभर भरतात. हे सकाळवर ढकललंत तर जागा गेलीच म्हणून समजा.

६. शक्य असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी रॅम्पार्ट रोवर माणूस चालत नाही, मागची गर्दी त्याला चालवते. रविवारशिवाय इलाज नसेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर आहे ते निघण्याआधी बघा.

७. गाडी घरी ठेवा. पश्चिम मार्गावरून येणाऱ्यांनी चर्चगेटला उतरावं, मध्य आणि हार्बरच्या मंडळींनी सीएसएमटीला. भुयारी मेट्रोनं येत असाल तर हुतात्मा चौक स्थानक सगळ्यात सोयीचं. पार्किंग शोधण्यात पहिला कार्यक्रम हमखास बुडतो.

८. हुतात्मा चौकात या आणि तिथून महात्मा गांधी रस्त्यानं दक्षिणेकडे चालायला लागा. स्थानकाबाहेरून टॅक्सी करायचा मोह टाळा, अंतर चालण्याचंच आहे.

९. साडेअकराच्या आत रॅम्पार्ट रोवर पोचा आणि आधी फक्त मांडणशिल्पं बघा. दुपारनंतर प्रत्येक शिल्पापुढे फोटोसाठी झुंबड असते आणि शिल्प दिसतच नाही. एकेकापाशी निदान दोन मिनिटं थांबा, शेजारची पाटी वाचा, मागून फिरून या. हात लावण्याआधी पाटीवर परवानगी आहे ना, ते बघा. काही शिल्पं हाताळण्यासाठीच असतात, काही एका धक्क्यानं मोडतात, आणि त्यामागे कुणाची तरी कित्येक महिन्यांची मेहनत असते.

१०. आता स्टॉलांवरून नुसती नजर फिरवा. काहीही विकत घेऊ नका! आत्ता घेतलेली मातीची फुलदाणी दिवसभर काखोटीला मारून फिरावं लागेल. आवडलेल्या स्टॉलचा क्रमांक तेवढा लिहून ठेवा.

११. उन्हं चढली की जहांगीर आर्ट गॅलरीत शिरा. अकरा ते सात उघडी असते, प्रवेश मोफत आणि आत सावली. चित्रकार बहुतेक वेळा स्वतः तिथं बसलेले असतात, त्यांना खुशाल प्रश्न विचारा. 'हे चित्र कशाचं आहे?' असं विचारण्यापेक्षा 'सुरुवात कुठून केलीत?' असं विचारा, माणूस भरभरून बोलतो.

१२. बाहेर आलात की फुटपाथवर चित्रं मांडून बसलेल्या कलावंतांपाशी थांबा. समोर बसून पेन्सिलनं आपलं चित्र काढून घ्यायचं असेल तर किंमत आधी ठरवा, आणि मग हलू नका.

१३. एक वाजायच्या आत जेवायला बसा. दीडला प्रत्येक दारात रांग लागते. शाकाहारी थाळी हवी असेल तर काळा घोडा परिसरातच 'चेतना' आहे. मासळी-खेकड्यासाठी जवळच्याच गल्लीतलं 'तृष्णा', फक्त खिसा तपासून जा. थाळी पोटभर खाऊ नका, पुढे बरंच चालायचं आहे.

१४. दुपारचा कार्यक्रम बसून ऐकण्याचा ठेवा. रस्ता ओलांडलात की डेव्हिड ससून लायब्ररी, तिच्या मागच्या बागेत झाडाखालची खुर्ची पकडा. मुलं सोबत असतील तर त्यांच्यासाठीचे कार्यक्रम वेगळे असतात, मोठ्यांच्या चर्चेत त्यांना तासभर बसवून ठेवू नका.

१५. चारच्या सुमारास स्टॉलांकडे परत या आणि लिहून ठेवलेलंच घ्या. हातमागाच्या, हातानं घडवलेल्या वस्तूंवर फार घासाघीस करू नका. इथं पुष्कळदा करणाराच विकायला बसलेला असतो. गर्दीत मोबाइलवरून पैसे जाता जात नाहीत, तेव्हा सुटी रोकड काढा.

१६. संध्याकाळच्या रांगेत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या. एकदा बसलात की उठणं नाही.

१७. गोल केलेल्या कार्यक्रमाच्या निदान पाऊण तास आधी क्रॉस मैदानाच्या रांगेत उभे राहा. जो आधी येईल त्याला जागा, असा साधा नियम आहे. मित्रांसाठी सहा जागा अडवू नका, मागचा माणूसही चालतच आलाय.

 एकदा बसलात की उठणं नाही.

१८. चादर अंथरा, फोन आवाज बंद करून खिशात टाका आणि शेवटची टाळी वाजेपर्यंत बसा. गाडी गाठायची म्हणून मध्येच उठणाऱ्यांची रांग कलाकाराला मंचावरून दिसते. फुकट कार्यक्रमाचं आपल्याकडून मोल एवढंच मागितलं जातं, ते पुरं द्या.

१९. उठताना आपल्या आजूबाजूचा कचरा कापडी पिशवीत भरा. मैदानातले डबे या वेळेपर्यंत ओसंडून वाहत असतात.

२०. चर्चगेट स्थानकापुढून तसेच समुद्राच्या दिशेनं ब्रेबॉर्न स्टेडियमपर्यंत जा आणि 'के. रुस्तम'कडे दोन पातळ बिस्किटांमधलं आइस्क्रीम घ्या. तिथंच उभ्या उभ्या संपवा. स्थानकात पोचेपर्यंत ते कोपरापर्यंत ओघळतं, आणि विरार फास्टमध्ये हात पुसायलाही जागा नसते.