परत येणारा अग्निबाण

मंडळी, अशी कल्पना करा. एका शेतकऱ्याने गाडीत दहा पोती ज्वारी भरली. तो बाजाराला गेला. पोती उतरवली. बैल सोडले, आणि रिकामी गाडी जुवासकट नदीत लोटून दिली. बैल हाकत तो पायी घरी आला. पुढच्या बाजाराला त्याने सुताराकडून नवी गाडी करून घेतली. तीही तशीच नदीत लोटली. गाव त्याला काय म्हणेल? खुळाच म्हणेल. दहा पोत्यांवर अख्ख्या गाडीची किंमत चढवली, तर ती ज्वारी घेणार कोण?

आता नवल ऐका. आकाशात अग्निबाण सोडणारे मोठमोठे देश जवळजवळ साठ वर्षे हेच करीत होते. ते काही खुळे नव्हते. त्यांना दुसरी वाट सापडत नव्हती. ती वाट कशी सापडली, आणि तिचा लाभ कोणाच्या पदरात पडतो आहे, ते या पाठात पाहू.

अग्निबाण वर कसा जातो

अग्निबाणालाच रॉकेट म्हणतात. दिवाळीतला बाण तुम्ही पाहिला आहे. आतली दारू पेटते, धूर जोराने खाली सुटतो, आणि बाण वर जातो. फुगा फुगवून तोंड न बांधता सोडून पाहा. वारा मागे सुटतो, फुगा पुढे पळतो. मोठ्या रॉकेटचे तत्त्व हेच.

अमेरिकेतले फाल्कन-९ नावाचे रॉकेट घ्या. त्याची उंची ७० मीटर. म्हणजे वीस-बावीस मजली इमारतीएवढी. वजन सुमारे ५५० टन. आणि त्यात जळते काय, ठाऊक आहे? रॉकेल! आपल्या चिमणीत, स्टोव्हमध्ये घालायचे तेच. फक्त ते फार शुद्ध केलेले असते. पण प्राणवायूवाचून काहीच जळत नाही, आणि उंच आकाशात तर हवाच नाही. म्हणून रॉकेट आपला प्राणवायू बरोबर नेते. तो अतिशय थंड करून पाण्यासारखा पातळ केलेला असतो.

हे रॉकेट दोन टप्प्यांचे असते. खालचा टप्पा मोठा. त्याला नऊ इंजिने. वरचा टप्पा लहान. त्याला एक इंजिन. त्याच्या माथ्यावर ओझे ठेवतात. ओझे म्हणजे उपग्रह, नाहीतर माणसांचे यान. खालचा टप्पा सुमारे अडीच मिनिटे जोर लावतो आणि सुटा होतो. मग वरचा टप्पा ओझे पुढे नेतो. पृथ्वीभोवती फिरत राहायचे तर ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेग लागतो. एवढा वेग मिळाला नाही, तर ओझे खाली येते.

रॉकेल स्वस्त, यंत्र महाग

पूर्वी खालचा टप्पा सुटला की समुद्रात पडून फुटून जाई. १९६९ साली अमेरिकेची माणसे चंद्रावर उतरली. त्यांचे रॉकेट सुमारे ११० मीटर उंच होते. परत काय आले? तिघे जण बसलेली एक लहानशी कुपी. बाकी सारे गेले.

फाल्कन-९ च्या एका फेरीला लागणारे रॉकेल आणि प्राणवायू यांचा खर्च एकूण खर्चाच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी असतो. सारा पैसा जातो तो यंत्रात. खालच्या टप्प्याची नऊ इंजिने एकदा वापरून समुद्रात टाकायची, म्हणजे बैलांची पेंड वाचवायची आणि गाडी बुडवायची, असे झाले.

मग परत का आणत नव्हते? आणून पाहिले होते. १९८१ साली अमेरिकेच्या सरकारने स्पेस शटल नावाचे यान उडवले. ते रॉकेटसारखे वर जाई आणि विमानासारखे धावपट्टीवर उतरे. आठवड्याला एक फेरी व्हावी असा सुरुवातीचा बेत होता. प्रत्यक्षात एका वर्षात नऊच्या वर फेऱ्या कधी झाल्या नाहीत. उतरताना आच लागू नये म्हणून यानाला हजारो फरशा चिकटवलेल्या असत. प्रत्येक फेरीनंतर त्या एकेक करून तपासाव्या लागत. इंजिने काढून पाहावी लागत. माणसे पुष्कळ, दिवस पुष्कळ, पैसा पुष्कळ. दोन याने तर माणसांसकट गेली. १९८६ साली सात जण दगावले. २००३ साली आणखी सात. त्या सातांत आपल्या हरियाणातल्या कर्नाल गावची कल्पना चावला होती. २०११ साली १३५ व्या फेरीनंतर शटल बंद झाले.

यातून एक गोष्ट शिकायची. परत आणणे वेगळे आणि परत जुंपता येणे वेगळे. बाजारातून गाडी परत आली, पण दर खेपेला सुताराकडे दोन महिने पडून राहिली, तर तिचा उपयोग काय?

एका कंपनीचा उद्योग

२००२ साली अमेरिकेत इलॉन मस्क नावाच्या उद्योजकाने स्पेसएक्स ही कंपनी काढली. तिचे पहिले रॉकेट लहान होते. २००६ साली ते पडले. २००७ साली दुसरे गेले. २००८ च्या ऑगस्टात तिसरे गेले. पैसा संपत आला. २८ सप्टेंबर २००८ ला चौथे रॉकेट नीट पोचले.

आता इथे जरा थांबा आणि नीट वाचा. त्याच वर्षी डिसेंबरात नासा या सरकारी संस्थेने कंपनीला मोठे कंत्राट दिले. आकाशात फिरणाऱ्या अंतराळ स्थानकाला सामान पोचवायचे. बारा फेऱ्या, १६० कोटी डॉलर. म्हणजे कंपनी खाजगी खरी, पण तिला उभे राहायला हात दिला तो सरकारी तिजोरीने. आणि सरकारी तिजोरी म्हणजे लोकांनी भरलेला करच, नाही का?

पुढे कंपनीने मोठे फाल्कन-९ केले आणि त्याचा खालचा टप्पा परत उतरवायचा ध्यास घेतला. हे काम किती अवघड, ते पाहा. टप्पा सुटतो तेव्हा तो जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटर वर असतो आणि ताशी हजारो किलोमीटर वेगाने पळत असतो. तिथे तो आधी उलटा फिरतो. मग थोडी इंजिने पुन्हा पेटवून वेग कमी करतो. हवेत शिरल्यावर माथ्याजवळचे जाळीचे पंख हलवून दिशा धरतो. शेवटी एक इंजिन पेटते, चार पाय उघडतात, आणि तो जमिनीवर उभा राहतो. उडाल्यापासून हे सारे आठ-नऊ मिनिटांत. आत माणूस नाही. सगळे यंत्रच आपले आपण करते.

एकदम जमले असे नाही. २०१५ च्या जानेवारीत टप्पा समुद्रातल्या तरंगत्या फलाटावर आपटून फुटला. एप्रिलात तो टेकला, पण कलंडून फुटला. जूनमध्ये तर वर जातानाच सारे रॉकेट फुटले. अखेर २१ डिसेंबर २०१५ च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर टप्पा आपल्या पायांवर उभा राहिला. ३० मार्च २०१७ ला एकदा वापरलेला टप्पा दुसऱ्यांदा उडवला, आणि तो पुन्हा उतरला. २०२५ सालापर्यंत काही टप्पे तीस-तीस वेळा जाऊन आले होते. २०२४ या एका वर्षात या कंपनीने सव्वाशेहून अधिक फेऱ्या केल्या. शटलला तीस वर्षांत जमले नाही, ते इथे जमले.

खर्च उतरला, भाडे का उतरले नाही?

आता मुद्द्याची गोष्ट. तुम्ही म्हणाल, गाडी परत येऊ लागली, तर भाडे पुष्कळ उतरले असेल. हिशेब पाहू. २०१६ साली फाल्कन-९ च्या एका फेरीचे जाहीर भाडे ६ कोटी २० लाख डॉलर होते. २०२२ साली ते ६ कोटी ७० लाख डॉलर झाले. म्हणजे उतरायच्या ऐवजी चढले! महागाई वाढली, हे खरे. जुन्या कंपन्यांहून हे भाडे कमी होते, हेही खरे. पण टप्पे पुन्हा पुन्हा वापरून जी बचत झाली, तिचा मोठा वाटा कंपनीकडेच राहिला. त्या पैशातून तिने नवी कामे काढली. स्वतःचे हजारो उपग्रह वर सोडले, आणि याहून मोठे रॉकेट करायला घेतले.

असे का व्हावे? याचे उत्तर तुम्हाला शहाण्याने सांगायला नको. गावात दुकान एकच असले, तर दुकानदाराला माल स्वस्त पडला तरी तो भाव उतरवील का? समोर दुसरे दुकान उघडले की मगच भाव उतरतो. रॉकेट परत उतरवून मोठी ओझी नेणारी कंपनी कितीतरी वर्षे एकच होती. २०२५ च्या नोव्हेंबरात दुसरे दुकान उघडले, असे म्हणता येईल. जेफ बेझोस या धनिकाच्या ब्लू ओरिजिन कंपनीने न्यू ग्लेन नावाच्या आपल्या मोठ्या रॉकेटचा खालचा टप्पा समुद्रातल्या फलाटावर उतरवला.

आपला यात काय संबंध?

कोणी म्हणेल, "गुरुजी, हे श्रीमंतांचे खेळ. आमच्या शेताला याचा काय उपयोग?" तसे नाही. १९९९ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आले. हजारो माणसे मेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर फायलिन नावाचे मोठे वादळ आले. या वेळी लाखो लोकांना आधीच सुरक्षित जागी हलवले होते. प्राणहानी फार थोडी झाली. वादळ कुठवर आले हे सांगणाऱ्यांत वरचे उपग्रह होते. असा उपग्रह वर न्यायचे भाडे उतरले, तर गरीब देशांनाही असे डोळे आकाशात ठेवता येतील.

आपला देशही या कामात आहे. आपल्या इस्रो संस्थेने पंख असलेले लहान यान २०१६ साली प्रयोगासाठी उडवले. २ एप्रिल २०२३ ला कर्नाटकात चित्रदुर्ग जिल्ह्यात तसले यान हेलिकॉप्टरने वर नेऊन सोडले, आणि ते आपले आपण धावपट्टीवर उतरले. २०२० साली सरकारने खाजगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले केले. १८ नोव्हेंबर २०२२ ला हैदराबादच्या स्कायरूट कंपनीने श्रीहरिकोट्याहून लहानसे विक्रम-एस रॉकेट सोडले. पण मोठ्या ओझ्याला आपल्यालाही भाड्याची गाडी करावी लागली. २०२४ साली आपला ४,७०० किलोचा उपग्रह आपल्या सर्वांत मोठ्या रॉकेटला पेलण्यापलीकडचा होता. तो फाल्कन-९ ने नेला. २०२५ च्या जूनमध्ये आपले शुभांशु शुक्ला अंतराळ स्थानकावर गेले, तेही फाल्कन-९ वरूनच.

गायरान आणि आकाश

शेवटी एक विचार. गावात गायरान असते. ते कोणा एकाचे नसते. पण बळकट माणसाने आपली शंभर गुरे रोज त्यात सोडली, तर गरिबाच्या एका गाईला चारा उरत नाही. आकाशाचे तसेच आहे. १९६७ साली देशोदेशींनी करार केला. आपला भारतही त्यात आहे. अवकाश कोणा एका देशाचे नाही, असे त्यात ठरले. खाजगी कंपनी वर जे करील, त्याची जबाबदारी तिच्या देशाच्या सरकारवर, असेही ठरले. आता एकट्या स्पेसएक्सचेच आठ हजारांहून अधिक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत आहेत. गर्दी वाढली की टकरीचा धोका वाढतो. एक उपग्रह फुटला, तर त्याचे तुकडे दुसऱ्यांना फोडतात.

म्हणून गाडी परत आणायची युक्ती सापडली हे फार चांगले झाले. तिच्यासाठी खपणाऱ्यांचे कष्ट मानलेच पाहिजेत. पण गाडी कोणाची, भाडे कोण ठरवतो आणि गायरानावर राखण कोणाची, हे प्रश्न इंजिनियरचे नाहीत. ते तुमचे-आमचे आहेत. वाचायला शिकलेल्या माणसाने ते विचारले पाहिजेत.

विचार करून सांगा

१. रॉकेट प्राणवायू बरोबर का नेते?
२. शटल परत येत असूनही महाग का पडले?
३. टप्पे पुन्हा वापरूनही भाडे का उतरले नाही?
४. तुमच्या गावात सर्वांच्या मालकीच्या कोणत्या गोष्टी आहेत? त्यांची राखण कोण करतो?