पाठसूचना : आहार आणि किळस

आपण जे खात नाही ते अखाद्यच, अशी मुलांची सहज समजूत असते. आहारविषयक पाठ घेताना शिक्षकांनी ती तपासून घ्यावी.

ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात, झाडावर पानांची घरटी विणणाऱ्या तांबड्या मुंग्या मीठ, मिरची, आले व लसूण घालून वाटतात. या आंबट ‘काई’ चटणीस २०२४ साली भौगोलिक मानांकन लाभले. आपल्या गडचिरोलीस लागून असलेल्या बस्तरात अशाच चटणीस ‘चापडा’ म्हणतात. जगात किमान २ अब्ज लोकांच्या आहारात कीटक असतात, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ साली दिला.

कोळंबी आवडीने खाणारा मुंगीचे नाव काढताच तोंड फिरवतो. वस्तुतः दोन्ही संधिपाद प्राणीच होत. यावरून, किळस कशाची यावी हे बहुतांशी संस्काराने ठरते, हे मुलांच्या ध्यानी आणून द्यावे.

कोणास काही खाण्याचा आग्रह करू नये. परंतु घरच्या अन्नावरून कोणाचे हसेही होऊ देऊ नये. आज डबा लपवणारे मूल उद्या शाळा टाळू लागते. म्हणून शिक्षकाने प्रथम स्वतःची मुद्रा सांभाळावी. पुस्तकाआधी मुले तीच वाचतात.